पेशंट घरी जातो तिथपर्यंत

मिरज

चि. छकुलीस,


तुझं पत्र पोचलं. वेल्लोरच्या मिशन कॉलेजात फिजिओथेरपीच्या पदवीला, बीपीटीला, प्रवेश मिळाल्याचा आनंद त्यात आहे, आणि त्याखाली दोन धास्त्याही आहेत. त्या तू लपवल्या नाहीस हे मला फार आवडलं. एक म्हणजे, तुझ्या मैत्रिणीने तुला सांगितलंय की मिशनच्या कॉलेजात खेड्यांच्या पोस्टिंगमध्ये दिवस वाया जातात, खरं शिक्षण आयसीयूत आणि खेळाडूंच्या क्लिनिकमध्ये मिळतं. दुसरी, पेशंटपुढे आपला विश्वास किती उघड करायचा हे तुला कळत नाही. मी तिथेच शिकले आणि पुढची सगळी नोकरी आपल्या भागातल्या दवाखान्यांत केली, म्हणून दोन्हींवर सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पेशंट दवाखान्यातून जिथे परत जाणार ती जागा डोळ्यांसमोर ठेवून काम करणं, हेच तिथलं सगळ्यात मोलाचं शिक्षण आहे, आणि ख्रिस्ती माणसाची सेवाही त्याहून वेगळी नाही.

आपला विषय तिथे कसा रुजला ते तुला ठाऊक असायला हवं. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे तरुण सर्जन वेल्लोरला आले. पुढच्या वर्षी ते मद्रासजवळच्या चिंगलपेटला कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्यांना घेऊन गेलेले डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्वचारोगातले जाणकार, ते चट्टे दाखवत होते. ब्रँड मात्र हातांकडे पाहत होते. बोटं आखडून पंजासारखी वाकलेली. त्यांनी एका पेशंटला आपला हात दाबायला सांगितलं, तर पकड इतकी घट्ट की त्यांचाच हात दुखला. म्हणजे तो हात मेलेला नव्हता. कोपराखालचे स्नायू चांगले जोरकस होते. तळहातातले लहान स्नायू तेवढे गेले होते, कारण कोपर आणि मनगटापाशी नसा आजाराने निकामी झाल्या होत्या. मग जो स्नायू शाबूत आहे त्याचं टोक सोडवून बोटांकडे का वळवू नये, असा विचार पुढे आला. अशा शस्त्रक्रिया पोलिओच्या पेशंटवर होत असत. कुष्ठरोग्याच्या बाबतीत मात्र त्याचं मांस सडतं, जखम भरत नाही, अशी समजूत होती आणि कोणी हात लावत नव्हतं.

आता आपलं काम कुठे सुरू होतं ते बघ. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये असतो. प्लास्टर निघालं की पेशंटला कळतच नाही की बोटं हलवायची कशी. इतकी वर्षं जो स्नायू मनगट उचलत होता, त्याने आता बोटं मुळाशी वाकवायची आणि पेरं सरळ ठेवायची आहेत. मेंदूला हे कोणी सांगितलेलं नाही. मग फिजिओ म्हणतो, मनगट वर उचलायचा प्रयत्न करा, आणि बोटांत ती हालचाल उमटते का ते पाहतो. उमटली की पेशंटला ती डोळ्यांनी पाहायला लावतो, कारण त्या बोटांना स्पर्श कळत नाही, त्वचेचं काम डोळ्यांनीच करायचं आहे. थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा, थकवा यायच्या आत थांबून. सर्जनने कितीही सुंदर काम केलं, तरी हे आठवडे चुकले तर ते हात नुसते शोभेचे उरतात. तुझ्या मैत्रिणीला आयसीयूचं आकर्षण वाटतं ते योग्यच आहे, छाती मोकळी करणं, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बसवणं, हे सगळं तूही शीक. पण आपल्या देशात आपल्या विषयाची कसोटी लागली ती या आठवड्यांत.

आणि याच कामातून पुढचा पेच उभा राहिला. हात सुधारलेली माणसं परत गेली आणि काहीजण निराश होऊन आली. वाकड्या हातांना भीक मिळत होती. सरळ हातांना ना भीक, ना काम, कारण गाव त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा ब्रँड यांनी कॉलेजच्या आवारातच ‘न्यू लाइफ सेंटर’ नावाची छोटी वस्ती उभी केली, झोपड्या गावासारख्याच, आणि तिथे सुतारकामासारखे धंदे शिकवायला घेतले. तिथेच त्यांना आणखी काहीतरी दिसलं. बोटं आजाराने झडत नव्हती, रोजच्या वापरात जखमी होऊन आखूड होत होती. गंजलेलं कुलूप उघडताना किल्ली इतक्या जोराने फिरवली जाते की बोट हाडापर्यंत कापतं आणि पत्ता लागत नाही. हातोड्याचा खडबडीत दांडा, गरम भांड्याचा कान, रात्री झोपेत उंदीर. होय, उंदीर. बधिर बोटं उंदरांनी कुरतडलेली आढळली, तेव्हा घरी जाणाऱ्या पेशंटबरोबर मांजर द्यायची पद्धत पडली. वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात मांजर लिहून दिलं जातं? पण ते बरोबर होतं, कारण कोणीतरी पेशंट रात्री झोपतो कुठे याचा विचार केला होता.

म्हणून खेड्यातलं पोस्टिंग ही अभ्यासक्रमाला जोडलेली औपचारिकता आहे असं समजू नकोस. वेल्लोरची ती सुरुवातीपासूनची रीत आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत त्या गुडियात्तमच्या रस्त्यावर ठरलेल्या झाडांखाली थांबून पेशंट तपासू लागल्या. त्याला सगळे ‘रोडसाइड’च म्हणत. आज त्याच वाटेने पुढे गेलेली कामं तुला दिसतील, कनियंबाडी ब्लॉकमध्ये ‘चॅड’ या सामुदायिक आरोग्य विभागाचं, आणि के. व्ही. कुप्पमला १९७७ पासून ‘रुहसा’चं.

या गावांत जाशील तेव्हा माझं एवढं ऐक. पेशंटला हात लावायच्या आधी घर बघ. उंबरा किती उंच आहे, दोन वीत की चार बोटं? दारातून व्हीलचेअर जाईल का, आणि गेली तर आत वळेल का? झोपायला बाज आहे की जमिनीवर चटई? संडास घरात, परसात की लांब? पाणी कोण आणतं? चूल जमिनीवर आहे की ओट्यावर? वॉर्डात आपण पक्षाघाताच्या पेशंटला खुर्चीतून उठायला शिकवतो, आणि त्याच्या घरात खुर्चीच नसते. त्याला जमिनीवरून उठता आलं पाहिजे, गुडघ्यावर येऊन, धडधाकट हाताने बाजेची कड धरून. हे वॉर्डातल्या गादीवर शिकवायला हवं होतं, आणि ते शिकवायचं तुला सुचणार ते घर पाहिल्यावरच.

मी आपल्याकडे जे शिकवत आले त्यातलं एक सांगते. हात बधिर झालेल्या बाईला ‘हाताची काळजी घ्या’ एवढं सांगून काही होत नाही. तिच्या पुढ्यात परात ठेवायची, तिला भाकरी थापून दाखवायला सांगायची आणि पाहायचं. थापताना हात सपाट पडतो का? तव्यावर पाणी फिरवताना बोटं तव्याला लागतात का? भाकरी उलटताना ती बोटांनी उलटते की उलथन्याने? चुलीतलं जळण पुढे सारताना कुठला हात वापरते? मग उलथन्याला लाकडी मूठ, पातेल्याला फडकं नव्हे तर सांडशी, आणि संध्याकाळी दिव्याजवळ बसून दोन्ही तळहात नीट न्याहाळायची सवय. शिवाय रोज वीस मिनिटं हात पाण्यात भिजवून वरून खोबरेल तेल, कारण त्या कातडीला घाम येत नाही, ती कोरडी पडून भेगाळते आणि भेगेतून जंतू शिरतात. एवढंसं काम. पण त्याने बोटं वाचतात.

करिगिरीला जायची संधी मिळाली तर सोडू नकोस. वेल्लोरजवळचीच ती कुष्ठरोगाची संस्था आहे. तिथला चपलांचा कारखाना नीट पाहा. बधिर पायाखाली मऊ मायक्रोसेल्युलर रबर, त्याखाली काटा घुसणार नाही असा टणक तळ, आणि कुठेही खिळा नाही. तळपायाची जुनी जखम औषधाने बरी होत नाही, त्या पायावर भार थांबला की बरी होते, म्हणून पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालून माणसाला हिंडतं ठेवतात. आखडलेलं बोट एका झटक्यात सरळ न करता दर काही दिवसांनी नवं प्लास्टर घालून थोडं थोडं उघडायचं, तेही तिथे शीक. हा आजार संपला असं लोकांना वाटतं. २००५च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं असं सरकारने जाहीर केलं, पण अजून आपल्या देशात दरवर्षी लाखभर नवे पेशंट सापडतात. आपल्या विदर्भातही सापडतात. औषधं फुकट आहेत आणि गुणकारी आहेत. पण नस गेल्यावर जे उरतं, ते फिजिओच्या वाट्याला येतं, आणि ते शिकवणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आता वेल्लोरच्याच बागायमच्या पुनर्वसन केंद्राविषयी. ते ज्यांनी उभं केलं त्या डॉ. मेरी वर्गीस स्वतः कंबरेखाली लुळ्या होत्या. १९५४ साली गाडीच्या अपघातात त्यांचा मणका गेला. तरुण डॉक्टर होत्या. पुढे त्या व्हीलचेअरमध्ये बसून कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकल्या, परत येऊन १९६३ला पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ला केंद्र सुरू झालं. झाडावरून, विहिरीत, बांधकामावरून पडून मणका मोडलेली माणसं तिथे येतात. बरोबर घरचं एक माणूस राहतं, बायको, भाऊ, कधी म्हातारी आई. त्या माणसालाही तुझं विद्यार्थी समज. रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, स्वच्छ हाताने नळी घालून लघवी काढणं, आरशाने माकडहाडावरची कातडी तपासणं, व्हीलचेअरमध्ये बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलणं. पेशंट डिस्चार्ज घेऊन गेल्यावर बेडसोरने जातो की जगतो हे या घरच्या माणसाच्या हातात असतं. दर वर्षी तिथे जुने पेशंट परत येऊन भेटतात, व्हीलचेअरच्या शर्यती लावतात, त्याला ‘रिहॅब मेळा’ म्हणतात. त्या दिवशी तू कुठल्याही परीक्षेच्या तयारीत असलीस तरी जा. नव्याने जखमी झालेल्या माणसाला दहा वर्षं जुना जखमी जे सांगू शकतो ते आपल्यापैकी कोणीच सांगू शकत नाही.

वॉर्डातल्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. स्नायूची ताकद शून्य ते पाच या मापात मोजतात. ती प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने मोज, आदल्या दिवशीचा आकडा उतरवून घेऊ नकोस. गोनिओमीटरने सांधा मोजलास की जे दिसलं तेच लिही, पेशंट खूश व्हावा म्हणून पाच अंश वाढवू नकोस. पक्षाघाताच्या पेशंटचा लुळा हात धरून त्याला कधीही ओढू नकोस, खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. तमिळ शीक. ‘वलिक्कुदा’, दुखतंय का, हे पहिल्या आठवड्यातच तोंडात बसव. बंगालहून आणि झारखंडहून आलेले पेशंट तिथे भरपूर असतात, त्यांच्यासाठी तुझी हिंदी कामाला येईल.

आणि आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून मोठा वाटतो.

कॉलेजचं ब्रीद मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं आहे, सेवा करून घेण्याऐवजी सेवा करण्याबद्दलचं. ते तुला भिंतीभिंतीवर दिसेल. पण तू त्याच्या पुढचाच प्रसंग वाच. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो आहे. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसतंय. तरीही प्रभू त्याला आधी विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं. गृहीत धरत नाही, विचारतो. आपल्या केस शीटवर आज ‘पेशंटचं उद्दिष्ट’ म्हणून एक रकाना असतो, आणि विद्यार्थी त्यात स्वतःच्याच मनाने ‘चालणे’ असं लिहून मोकळे होतात. तू विचार. कोणी म्हणेल, मला चालायचं नाही, मला मांडी घालून पंगतीत बसायचंय. कोणी म्हणेल, नातवाला उचलायचंय. कोणी म्हणेल, संडासला जाताना सुनेला हाक मारावी लागू नये. ही उत्तरं ऐकून उपचार बदलतात, आणि बदलायलाच हवेत. माझ्या मते आपल्या विश्वासाची पहिली खूण हा प्रश्न आहे. गळ्यातला क्रूस त्यानंतर.

स्पर्शाबद्दलही तेच. कुष्ठरोग्याला प्रभूने बरं करून मग हात लावला असं शुभवर्तमान सांगत नाही, आधी हात लावला. आपला तर धंदाच हात लावण्याचा आहे. ज्याला घरात वेगळं ताट असतं, ज्याच्या शेजारी बसमध्ये कोणी बसत नाही, त्याचा पाय तू मांडीवर घेऊन तपासलास की त्याला जे कळायचं ते कळतं. त्यावर प्रवचनाची गरज नाही.

सकाळच्या प्रार्थनेला जा, मनापासून जा. तिथे तुला बळ मिळेल, विशेषतः ज्या आठवड्यात वॉर्डात एखादं लहान मूल दगावलेलं असेल. पेशंटने म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर पडदा ओढून, थोडक्या शब्दांत, त्याच्या भाषेत कर. पण आपण होऊन पेशंटवर विश्वास लादू नकोस. मणका गेलेला माणूस तुझं ऐकायचं नसेल तर उठून जाऊ शकत नाही. ज्याचा पाय तुझ्या हातात आहे, ज्याला उद्या परत तुझ्याकडेच यायचंय, तो होकार देतो तेव्हा तो मोकळेपणाने दिलेला होकार नसतो. त्या अडचणीचा फायदा घेणं मला पाप वाटतं. वारकरी आजीची तुळशीची माळ उशाखालून काढून तिच्या चांगल्या हाताशी ठेव. मुसलमान पेशंटला नमाजाची वेळ सांभाळून व्यायामाची वेळ दे. बसून नमाज कसा पढता येईल, पाठीला उशी कुठे द्यायची, हेही फिजिओचंच काम आहे. असं केल्याने तुझी साक्ष कमी होत नाही.

आणि एका गोष्टीत फार कडक राहा. मणका पूर्ण तुटलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव, तू चालशील’ असं कोणी सांगत असेल, मग तो पाळक असो की नातेवाईक, तर तू त्यात सूर मिसळू नकोस. मी अशी माणसं पाहिली आहेत, जी चमत्काराची वाट बघत व्हीलचेअर शिकली नाहीत, आणि चालता आलं नाही म्हणून आपलाच विश्वास कमी पडला असं मानत राहिली. त्यांच्या दुःखावर हा अपराधीपणा कोणी ठेवला? आपणच. काय परत येईल आणि काय येणार नाही, हे तुझ्या सीनियर डॉक्टरांबरोबर बसून, पेशंट विचारेल तेव्हा, खरं सांगायचं. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळेला परत जायचं आणि खाटेवरून व्हीलचेअरमध्ये सरकायला शिकवायला लागायचं. आशा द्यायची असेल तर ती या सरकण्यातून दे.

तुला मंडळीने शिफारसपत्र दिलंय, त्याबरोबर पुढे मिशनच्या दवाखान्यात सेवा देण्याचा शब्दही आहे. त्याला ओझं समजू नकोस, पण डोळे उघडे ठेवून जागा निवड. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे, आपल्या मराठी मुलुखातलंच. इंटर्नशिपच्या आधी एकदा जाऊन ये. कुठेही गेलीस तरी तीन प्रश्न विचार. शिकवायला कोणी अनुभवी फिजिओ आहे का? आठवड्यातून किमान एक दिवस घरभेटींना मोकळा मिळेल का आणि गाडी कोण देणार? पगार वेळेवर होतो का? तिसरा प्रश्न विचारायला लाजू नकोस. सेवेच्या नावाखाली मुलींना राबवून घेतलेलं मी पाहिलंय, आणि त्या दोन वर्षांत विषय सोडून गेल्या. त्यात ना त्यांचं भलं झालं ना पेशंटचं.

जाताना डेव्हिड वर्नर यांचं ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन’ हे पुस्तक घेऊन जा, माझी प्रत तुझ्या आईकडे पाठवली आहे. बांबूच्या दांड्यांनी चालायचे बार कसे करायचे, लहान मुलाला बसायची खुर्ची घरच्या घरी कशी बनवायची, सगळं चित्रांसकट आहे. गावातल्या सुताराला दाखव, त्याला इंग्रजी यायची गरज नाही.

आणि एक काम तुला देते. गावातलं पहिलं घर पाहून आलीस की त्याचा नकाशा काढून मला पाठव. दार, उंबरा, चूल, झोपायची जागा, संडासाची वाट, आणि त्यात तुझा पेशंट दिवसभर कुठे कुठे असतो ते खुणेने दाखव. नाव लिहू नकोस. मी त्यावर माझे प्रश्न लिहून परत पाठवीन, मग आपण दोघी ठरवू की त्याला आधी काय शिकवायचं.

तुझ्या आईला सलाम सांग.

तुझी,
मावशी